पन्हाळ्यावर मागे पडणारं घड्याळ

"हे तिसऱ्यांदा," असं म्हणत सेक्रेटरीसाहेबांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं. पन्हाळ्याहून एस.टी.नं येताना सगळी वाट ते त्यांनी मांडीवर घेतलं होतं. लंबक वेगळा काढून जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला होता. तो मात्र त्यांनी काउंटरवर न ठेवता माझ्या हातात दिला. पहिल्या खेपेला लंबक न काढता घड्याळ आणलं म्हणून मी त्यांना चार शब्द सुनावले होते. त्यांच्यासारख्या रिटायर्ड मामलेदाराला सुनावणं मला त्या वयात सहज जमायचं.

"पुन्हा मागे?" मी विचारलं.

"महिन्याला सव्वादोन मिनिटं. पहिल्या तारखेला रेडिओवर लावतो, महिनाअखेरीला मागे."

"इथे होतं तेव्हा रेडिओला सोडून हललं नाही."

"तेच म्हणतो मी. दुकानात बरोबर, गडावर चूक. मधुकरराव, मी आज तक्रार घेऊन आलेलो नाही. मला एक सर्टिफिकेट पाहिजे. घड्याळ निर्दोष आहे असं लिहा आणि खाली सही करा."

तक्रार नाही म्हटल्यावर गल्ल्यावर बसलेले आमचे मालक तात्या एकदम सैल झाले. "मध्या, दे की लिहून," ते म्हणाले. "आपल्या घड्याळात खोट असत्या व्हय?"

ही गोष्ट संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी घडलेली. महाद्वार रोडवरच्या तात्यांच्या दुकानात मी घड्याळजी होतो. नवी घड्याळं लावायचं काम माझ्याकडे असायचं. घड्याळ लावणं म्हणजे नुसते काटे फिरवणं नव्हे. भिंतीवरच्या घड्याळाचा वेग ठरतो लंबकावर. लांब दोरीचा झोका सावकाश येतो-जातो, आखूड दोरीचा भरभर. लंबकाचंही तेच. त्याच्या खाली जी पितळी चकती असते तिला एक छोटा नट असतो. नट फिरवून चकती वर चढवली की घड्याळ जलद होतं, खाली उतरवली की सावकाश. मी घड्याळ पंधरा दिवस दुकानाच्या भिंतीवर टांगायचो, रेडिओच्या ठोक्यांशी ताडून बघायचो आणि नट केसाकेसानं फिरवत बसायचो. वेळ जुळली की तात्या स्वतः उठायचे, लाख वितळवायचे आणि त्या नटावर लाल ठिपका देऊन वर दुकानाचा शिक्का उमटवायचे.

ही लाख म्हणजे तात्यांची अब्रू. लाख शाबूत तर ग्यारंटी शाबूत. गिऱ्हाईकानं नटाला हात लावला की लाख फुटते, आणि लाख फुटलेलं घड्याळ तात्या दुकानात घेत नसत. "जगात कुठंबी टांगा," असं ते प्रत्येकाला सांगायचे. त्यांचं जग म्हणजे मुरगूड, गडहिंग्लज आणि फार तर मलकापूर. पण म्हणायचे जगच.

सेक्रेटरीसाहेबांनी हे घड्याळ वडिलांच्या स्मरणार्थ पन्हाळ्याच्या शाळेला दिलं होतं. खाली वडिलांच्या नावाची पितळी पट्टी. शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरीही तेच. वडिलांचं नाव असलेलं घड्याळ रोज खोटं बोलतं, हे त्यांना सोसवत नव्हतं. ते मी समजू शकत होतो. सर्टिफिकेट कशाला, ते मात्र कळेना.

"पुरावा म्हणून," ते म्हणाले. "मध्यंतरी कॉलेजात सौंदत्तीकर प्रोफेसरांचं सापेक्षतावादावर व्याख्यान झालं. मी पहिल्या रांगेत होतो. ते स्वच्छ म्हणाले, पृथ्वीपासून जितकं उंच जावं तितकं घड्याळ पुढे जातं. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा उंच. म्हणजे हे घड्याळ पुढे जायला पाहिजे. ते जातं मागे. घड्याळ निर्दोष, शास्त्र निर्दोष. मग दोष कुणाचा? काटा मागे सारणाऱ्या हाताचा."

"कुणाचा हात?"

"आमचा शिपाई, ज्ञानू. घड्याळाची चावी त्याच्याकडे असते. राहतो गडाखालच्या वाडीत, सकाळी चढून येतो. उशीर झाला की काटा मागे सारतो आणि मग घंटा देतो. महिनाअखेरीला कमिटीची मीटिंग आहे. तुमचं सर्टिफिकेट जोडलं की त्याला काढायचा ठराव होईल."

कोर्टात निकाल वाचावा तसं त्यांनी हे सांगितलं. तात्यांनी तोवर दुकानाचा छापील कागद काढून दौत पुढे सरकवलीसुद्धा होती.

मी लेखणी घेतली नाही. व्याख्यानातलं मला काही कळत नव्हतं, पण घड्याळातलं कळत होतं. हातानं काटा मागे सारणारा माणूस कधी पाच मिनिटं सारेल, कधी दहा. दर महिन्याला सव्वादोन मिनिटं, तीही थोडी थोडी, हे माणसाचं काम नव्हे. चोर इतका नेमस्त नसतो. मी म्हटलं, "साहेब, मीटिंगला अजून अवकाश आहे. मला पुन्हा एकदा तपासू द्या."

सेक्रेटरीसाहेब घड्याळ ठेवून गेले. तात्यांनी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू काटा मीच मागे सारला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, वय पन्नाशीच्या आसपास, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. आत यावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

"पावणं, पन्हाळ्याच्या शाळंचं घड्याळ हितंच आलंय न्हवं?"

"हो. तुम्ही?"

"म्या ज्ञानू. शाळंचा शिपाई." त्यानं आत पाऊल टाकलं. "गुरुजींनी सांगिटलं, तुमी कागद लिवून देनार हाईसा म्हनून. तवा म्हनलं आपुन जाऊनच यावं."

तात्या गल्ल्यावरूनच गरजले, "मग सांग की खरं. काटा मागं सारलास व्हय?"

"न्हाय मालक. शनवारी चावी देतो तेवढीच. काट्याला बोट लावलेलं न्हाय. घंटा द्यायची असली की निसतं बघतो."

"मग मागं कसं पडतंय?"

"ते मला काय ठावं? मला घंटा कळती, घड्याळ न्हाय कळत." मग तो माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, "वाडीत समद्यांस्नी कळलंय. म्हनत्यात, ज्ञानूनं वेळ चोरला. दानं चोरलं असतं तर पोटासाठी चोरलं म्हनलं असतं लोकांनी. वेळ चोरून मी न्हेऊ कुठं, पावणं?"

तात्यांनी शेजारच्या हॉटेलातून त्याच्यासाठी चहा सांगितला. ज्ञानूनं तो उभ्यानंच घेतला आणि गेला. मला त्याची कीव आली असं नाही. मला राग आला. मी लावलेलं घड्याळ एका माणसाला चोर ठरवत होतं आणि का ते मला कळत नव्हतं.

दोन दिवसांनी मी स्वतः घड्याळ घेऊन पन्हाळ्याला गेलो आणि शाळेच्या भिंतीवर टांगलं. आमच्या धंद्यात घड्याळ मागे पडायची कारणं ठरलेली. एक म्हणजे भिंतीवर तिरकं टांगलेलं असतं. मग ते लंगडतं, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं येत नाही. मी कान लावून बसलो. टिकटिक एकसारखी होती. दुसरं, आतलं तेल थंडीनं घट्ट होतं. तेल मीच नवं घातलं होतं आणि दिवस उन्हाळ्याचे होते. तिसरं, उन्हानं लंबकाची दांडी लांबते. पण ही दांडी लाकडाची होती, लाकूड उन्हानं फारसं वाढत नाही. शिवाय गडावर कोल्हापूरपेक्षा गारवा. गारव्यानं दांडी आखडली तर घड्याळ पुढे जायला हवं, मागे नव्हे. ज्ञानू माझं स्टूल धरून उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माझी कारणं संपली तेव्हा मी स्टुलावरून उतरलो आणि त्याच्याकडे न बघता एस.टी. गाठली.

आता राहिलं होतं एकच ठिकाण. ज्यांच्या व्याख्यानातून हे सगळं निघालं त्या सौंदत्तीकर सरांकडे मी गेलो.

सर लॅबोरेटरीत होते. अंगानं किरकोळ, मूळचे गडहिंग्लजकडचे, बोलण्यात किंचित कानडी हेल. फर्स्ट इयरच्या मुलांसाठी ते दोऱ्याला धातूच्या गोळ्या बांधून ठेवत होते. मी सगळी हकीकत सांगितली. ती सांगून होईपर्यंत त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला होता.

"लंबकाचं घड्याळ?" त्यांनी विचारलं. "नक्की लंबकाचं?"

"हो."

"मला सांगा, लंबक कोण हलवतं?"

"स्प्रिंग."

"स्प्रिंग नुसता धक्का देते, तो थांबू नये म्हणून. बाजूला गेलेला लंबक परत खाली कोण आणतं?"

"त्याचं वजन."

"वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. उंचावर ती ओढ जरा ढिली पडते. ओढ ढिली झाली की लंबक रेंगाळतो. लंबक रेंगाळला की घड्याळ मागे." त्यांनी दोऱ्याला बांधलेली गोळी हलकेच सोडली. "माझी पोरं दर वर्षी हेच करतात. लंबकाचे झोके मोजून पृथ्वीची ओढ काढतात."

मग फळ्यावर त्यांनी गणित मांडलं. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा तेरा-चौदाशे फूट उंच. पृथ्वीच्या मध्यापासून आपण दोन कोटी फुटांवर. एकाला दुसऱ्यानं भागून दिवसाचे सेकंद लावले तर उत्तर आलं साडेपाच सेकंद. "डोंगर स्वतःही थोडा ओढतो, तेवढं वजा करा," सर म्हणाले. "रोज साडेचार धरा."

मी मनात महिन्याचा हिशेब केला. सव्वादोन मिनिटं. मला इतकं हलकं वाटलं की मी लॅबोरेटरीतल्या स्टुलावर न विचारता बसलो.

"मग सर, तुमचं व्याख्यान? उंचावर घड्याळ पुढे जातं, ते?"

"तेही खरं आहे." ते जरा ओशाळले. "कुठलं घड्याळ, ते मी नीट सांगायला पाहिजे होतं. मी बोलत होतो काळाबद्दल, यंत्राबद्दल नाही. पृथ्वीच्या जितकं जवळ, तितका काळच सावकाश चालतो. जितकं दूर, तितका जलद. त्यात घड्याळाचा गुण नाही की दोष नाही. लंबक, खिशातलं कमानीचं घड्याळ, माणसाची नाडी, विरजण लावलेलं दूध, सगळं एकाच प्रमाणात जलद होतं. त्यामुळे तिथे बसून ते कळतही नाही. खालच्या घड्याळाशी ताडून बघितलं तरच कळणार."

"किती जलद?"

"पन्हाळ्याइतक्या उंचीला?" त्यांनी पुन्हा खडू घेतला आणि शून्यांची मोठी रांग लिहिली. "साधारण सात लाख वर्षांत एक सेकंद."

मला हसू आवरेना. "हे मोजलं कुणी?"

"अजून कुणीच नाही. गणितातून निघतं. ते दाखवणारं घड्याळ जगात व्हायचंय." तेही हसले. "म्हणजे तुमच्या घड्याळाला दोन्ही लागू आहे. लंबक मागे पडतो तो पंचगंगेचा पूर समजा. आणि काळ पुढे जातो ती त्यात कुणीतरी टाकलेली चूळ. पाणी वाढलं हे खरं, पण दिसणार कसं?"

मग त्यांचं हसू गेलं. "आणि माझ्या एका वाक्यावरून ते शिपायाला काढतायत?"

"महिनाअखेरीला."

"रविवारी पन्हाळ्याची एस.टी. किती वाजता आहे?" सरांनी विचारलं.

खरी अडचण दुकानात होती. मी तात्यांना लंबक, ओढ, डोंगर सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे गिऱ्हाईकाला मी सांगू, घड्याळ बरोबर हाय, पन्हाळा चुकीचा हाय?"

"तसं नाही तात्या. तिथे टांगून पुन्हा लावलं की झालं. नट केसभर फिरवायचा."

"लाख फोडून?"

"लाख फोडून."

"आजवर ह्या दुकानाची लाख दुकानानं फोडलेली न्हाय." तात्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मध्या, जरा डोकं चालव. शिपायाचा हात न्हाय म्हनलं की त्यो मामलेदार काय म्हननार? घड्याळात खोट हाय म्हननार. समद्या पन्हाळ्यात बोंब. शिपाई वाचला की दुकान बुडलं."

"मग शिपाई बुडू द्यायचा?"

तात्यांनी ड्रॉवर उघडला आणि तसाच बंद केला. त्यांनी ज्ञानूला चहा पाजला होता, ते त्यांना आठवत असावं. शेवटी म्हणाले, "तुझी सही नसंल तर मी करतो."

"करा. पण त्याआधी तुमचं खिशातलं घड्याळ मला थोडे दिवस द्या."

हे घड्याळ म्हणजे तात्यांचा जीव. मोठं, चांदीच्या डबीतलं, कमानीवर चालणारं. कमानीच्या घड्याळात लंबक नसतो. आत केसासारखी बारीक स्प्रिंग एका छोट्या चाकाला मागे-पुढे हलवत असते. तिला पृथ्वीच्या ओढीशी काही देणंघेणं नाही. ते घड्याळ विहिरीत उतरवा नाही तर गडावर न्या, तिला सारखंच. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवायची, एवढंच मला करायचं होतं. तात्यांनी घड्याळ काढून दिलं. त्यांची खात्री होती की भिंतीवरचं त्याच्या बरोबरीनं चालेल आणि माझी जिरेल.

रविवारी आम्ही गडावर पोचलो तेव्हा सेक्रेटरीसाहेब शाळेच्या ऑफिसात कडक इस्त्रीचा कोट घालून बसले होते. प्रोफेसर येणार म्हणून त्यांनी फरसाण आणि पेढे मागवले होते. सर म्हणाले, "साहेब, माझ्या वाक्याचा आपण जो अर्थ काढलात तो बरोबर नाही," आणि पेढ्यांची बशी वाटेतच थांबली.

दोघांचा बराच वेळ वाद झाला. सर शास्त्र सांगत होते, साहेब त्यांना त्यांचंच व्याख्यान ऐकवत होते. दाराशी उभा असलेला ज्ञानू ज्याची पाळी असेल त्याच्याकडे बघत होता. अखेर मी मध्ये तोंड घातलं.

"साहेब, आपण मामलेदार असताना पुराव्याशिवाय कधी निकाल दिलात?"

"कधीच नाही."

"मग पुरावा होऊ द्या. घड्याळाच्या काचेच्या दाराला तुमचं कुलूप लावा. कुलपाची किल्ली तुमच्याकडे, घड्याळाची चावीही तुमच्याकडे. मीटिंगपर्यंत तुम्हीच चावी द्या. ज्ञानूनं बाहेरून बघायचं आणि घंटा द्यायची. खालच्या कपाटात हे कमानीचं घड्याळ ठेवा, तेही तुमच्याच कुलपात; त्यालाही रोज चावी तुम्हीच द्या."

पुरावा हा शब्द त्यांना पटला. दोन्ही घड्याळं आम्ही रेडिओच्या वेळेला जुळवून घेतली. त्यांनी घरून स्वतःचं कुलूप आणवलं, लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. पेढ्यांची बशी पुन्हा फिरू लागली. ज्ञानूनं पेढा घेतला नाही. "निकाल लागू दे," तो म्हणाला.

मीटिंगच्या दिवशी मी आणि सर निघालो तर एस.टी. स्टँडवर तात्या उभे. डोक्याला नवा रुमाल, हातात हत्यारांची छोटी पेटी. "माझं घड्याळ न्यायला चाललोय," ते म्हणाले. "तुमच्यासंगं न्हाय."

कमिटीची माणसं यायच्या आधी सेक्रेटरीसाहेबांनी कुलूप तपासलं. जसंच्या तसं होतं. त्यांनी कपाटातलं चांदीचं घड्याळ घेतलं, शेजारीच असलेल्या घरी जाऊन रेडिओच्या ठोक्यांशी ताडून बघितलं आणि परत आले. त्यात दोन-चार सेकंदांचाच फरक होता. मग ते भिंतीवरच्या घड्याळासमोर, वडिलांच्या नावाच्या पट्टीखाली, उभे राहिले. सोळा दिवसांत ते मिनिटभरापेक्षा जास्त मागे पडलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. घड्याळ तेवढंच मागे राहिलं.

"ज्ञानूचा हात नाही," ते म्हणाले. मग तात्यांकडे वळले. "म्हणजे घड्याळ सदोष आहे."

तात्यांचा चेहरा उतरला. ते अख्ख्या रस्त्यात ज्याला भीत आले होते तेच वाक्य हे.

"सदोष नाही," सर म्हणाले. "लंबक गडावर येऊन सावकाश झाला."

"प्रोफेसर, घड्याळाचं काम काळ दाखवणं. लंबक काळ दाखवत नाही तर काय दाखवतो?"

प्रश्न चांगला होता. सरांनी लंबकाकडे बोट केलं. "लंबक पृथ्वीची ओढ दाखवतो, साहेब. आपण ती काळ म्हणून वाचतो. ओढ तीच राहिली तर वाचन बरोबर. गडावर ओढ बदलली, वाचन चुकलं. हे घड्याळ इथली ओढ अगदी बिनचूक सांगतंय. ते कोल्हापूरच्या ओढीवर लावलंय, एवढंच."

तेवढ्यात तात्या उठले.

"प्रोफेसर, लाख फोडून नट फिरवला तर हितं बरोबर चालंल?"

"चालेल."

"आनि मग खाली न्हेलं तर?"

"पुढे जाईल."

"म्हंजे घड्याळात खोट न्हाय."

"अजिबात नाही."

"मध्या, चिमटा दे."

मी पेटीतून चिमटा दिला. साहेबांनी कुलूप काढलं. तात्यांनी लंबक हातात घेतला आणि नटावरची लाख टोकानं फोडली. लाल तुकडा जमिनीवर पडला, तो त्यांनी उचलून खिशात टाकला. सेक्रेटरीसाहेब, प्रोफेसर, शाळेचे गुरुजी, शिपाई, सगळ्यांच्या देखत त्यांनी हे केलं. नट त्यांनी मला फिरवू दिला नाही. स्वतः फिरवला, माझ्याकडे बघून, मी मान हलवेपर्यंत; साडेचार सेकंदांना नट किती फिरवावा लागतो ते मला सवयीनं ठाऊक होतं. मग ज्ञानूला दिवा धरायला सांगितला, लाख वितळवली आणि नवा ठिपका दिला. "आता ही लाख पन्हाळ्याची," ते म्हणाले. मला त्या दिवशी तात्यांचा फार अभिमान वाटला. मी पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याकडे काम केलं, पण हे त्यांना कधी सांगितलं नाही.

आता सेक्रेटरीसाहेबांचं एकच शल्य उरलं होतं. "मग व्याख्यानातलं ते काळाचं काय? ते खोटं?"

"ते खरंच आहे," सर म्हणाले आणि मला सांगितलं होतं ते त्यांनी पुन्हा सांगितलं. खाली काळ सावकाश, वर जलद. पन्हाळ्याला सात लाख वर्षांत एक सेकंद. साहेबांचं समाधान झालं. आपण पहिल्या रांगेत बसून जे ऐकलं ते खोटं नव्हतं, याचं त्यांना बरं वाटलं असावं.

ज्ञानू अजून दिवा धरूनच उभा होता. त्यानं विचारलं, "म्हंजे सायेब, म्या दिसभर वर असतो आनि घरवाली वाडीत असती. तर तिच्यापरीस म्या जास्त म्हातारा झालो म्हना की."

सर चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिले. "हो. न कळण्याइतका, पण झालात."

"हितं येऊन घंटा दिल्यामुळं."

"हो."

ज्ञानूनं दिवा फुंकून टेबलावर ठेवला. "मग म्या कुठं वेळ चोरला? माझाच गेलाय की."

सेक्रेटरीसाहेब खुर्चीवरून उठले. मामलेदारानं शिपायाची माफी मागायची म्हणजे कसं, हे बहुतेक त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी कोटाच्या खिशातून घड्याळाची चावी काढली आणि ज्ञानूच्या हातावर ठेवली. "उद्यापासून तूच दे," ते म्हणाले. मग स्वतःच्या हातानं पेढ्यांची बशी त्याच्यापुढे धरली. या वेळी ज्ञानूनं पेढा घेतला.

मीटिंगमध्ये त्याच्याबद्दलचा ठराव आलाच नाही. दोनेक महिन्यांनी सेक्रेटरीसाहेब चौथ्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. घड्याळ बरोबर चाललंय, एवढं सांगायला वाकडी वाट करून आले होते. सौंदत्तीकर सरांची पुढे बदली झाली. आणखी काही वर्षांनी परदेशात एका मनोऱ्यावर काळाचा तो फरक खरोखरच मोजला गेल्याचं मी पेपरात वाचलं. सरांना सांगावंसं वाटलं, पण त्यांनाही ते कळलंच असणार.

तात्यांनी "जगात कुठंबी टांगा" म्हणणं सोडलं. घड्याळ घ्यायला कुणी आलं की ते आधी विचारायचे, "टांगनार कुठं?" लोकांना वाटायचं, म्हातारा भिंतीची चौकशी करतोय. मीही नोकरीभर तेच विचारत आलो. आणि कुणी कुणाच्या उशिराची तक्रार सांगू लागलं तर अजूनही माझ्या तोंडून निघून जातं, की आधी बघा, घड्याळ कुठल्या गावात लावलंय.